कमरेपर्यंतचा बाप

त्या कार्टूनमधल्या पोरीचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, नाक कायम वर. बाप अफाट श्रीमंत. घरात एवढ्या खोल्या, की तिच्या मांजरालाही स्वतःची बैठकीची खोली. काही हवं असलं की ही पोरगी डावा पाय तीनदा आपटायची आणि तिसऱ्या आपटीला दारात ट्रक येऊन उभा राहायचा. ट्रकमध्ये खोकं, खोक्यात हवी ती वस्तू. आइस्क्रीम म्हटलं तर आइस्क्रीमचं अख्खं यंत्र, पोहायचं म्हटलं तर तलाव. दोन मिनिटांत तिला त्याचा कंटाळा यायचा आणि पाय पुन्हा वर. माझी नऊ वर्षांची मुलगी मांडीवर उशी घेऊन हे सगळं डोळे विस्फारून बघत बसायची.

मग एके दिवशी आमच्याच दिवाणखान्यात पाय आपटला गेला. तीनदा. डावाच.

गुन्हेगार कोण, हे मी ऐकल्या ऐकल्या ठरवून टाकलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही आमच्या घराण्याची जुनी न्यायपद्धत. इथे तर दुसऱ्याचं कार्टं पडद्यावरच होतं. त्याला नावं ठेवली तर भांडायला कोणी येणार नव्हतं.

आम्ही मूळचे नागपूरचे. छप्पन साली राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा कचेरीच्या कपाटांबरोबर माझे आजोबाही इकडे आले. वडीलही कारकूनच. अशोका गार्डनमध्ये रेल्वेच्या रुळांजवळ दोन खोल्यांत आम्ही वाढलो, आणि माझी थोरली बहीण, आमची ताई, अजून तिथेच राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, जिभेला धार मात्र रोज लावते. मी वेल्डिंगचं काम शिकलो, एका पत्र्याच्या शेडमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवायला लागलो, आणि अवधपुरीजवळच्या मोठ्या सरकारी कारखान्याला माल पुरवता पुरवता स्वतःच लहानसा कारखानदार झालो. अवधपुरीत तीन मजली घर बांधलं. त्या घरात मी किती राहिलो, हे विचारू नका.

मी वाईट बाप नव्हतो, निदान मला तसं वाटत नव्हतं. रोज दुपारी कारखान्यातून फोन करून "बेटा, काय हवंय?" विचारायचो. ती एक सांगायची, मी दोन मागवायचो. संध्याकाळी चौकीदार खोकं वर नेऊन द्यायचा. मी घरी पोचायचो तोवर खोकं उघडलेलं असायचं आणि पोरगी झोपलेली. खोक्याच्या आतले ते प्लास्टिकचे फुगे फोडायला मात्र तिला फार आवडायचं, असं बायको सांगायची. बायको कॉलेजात शिकवते. वर्गात तासभर बोलते, घरी दोनच वाक्यं बोलते, आणि ती दोन लागतात.

गेल्या वर्षीची भुलाबाई झाली नसती तर हे असंच चालू राहिलं असतं.

विदर्भातून आलेल्या घरांत कोजागिरीच्या आधी भुलाबाई बसते. पाटावर मातीचे भुलाबाई-भुलोजी, समोर मुलींची गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी खिरापत. खिरापत म्हणजे प्रसादच, पण तो सुखासुखी हातावर पडत नाही. ज्या घरी गाणी, त्या घरची मुलगी झाकणाचा डबा आणते, सगळ्यांच्या कानाजवळ हलवून दाखवते, आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं तर त्या घरची हार. कुणालाच नाही ओळखता आलं, तर ती मुलगी वर्षभर मान ताठ करून फिरते. आमच्या ओळखीतल्या पाच घरांत पाच दिवस हा कार्यक्रम असतो. सातेक मुली. ताई त्यांची पंच, आणि शेवटचा दिवस तिच्याकडे.

तर गेल्या वर्षी आमच्या घरची खिरापत मी कारखान्यात बसून फोनवरून मागवली. डबा कशाला? प्रत्येक मुलीला स्वतंत्र खोकं, वर सोनेरी रिबीन. मला वाटलं, पोरी खूश होतील. त्या सोनेरी खोक्यावर मिठाईचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं असतं, हे ट्रान्सफॉर्मरच्या टाक्यांवर माल आणि नंबर रंगवून पाठवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. गाणी संपली, खोकी आली, आणि सगळ्यांत लहान पोरीने, जी त्याच वर्षी नीट वाचायला शिकली होती, मोठ्याने वाचलं: "काजू-अंजीर रोल." खेळ सुरू व्हायच्या आधीच संपला. पोरी खदाखदा हसल्या.

माझ्या मुलीचा चेहरा लालबुंद झाला. तिने पाय आपटला, तीनदा, आणि ओरडली, "मेरे पप्पा तुम सब के घर की खिरापत खरीद सकते हैं!"

वाक्य शब्दशः त्या कार्टूनमधलं, फक्त खिरापत तिची स्वतःची. पोरींनी खोकी खाली ठेवली आणि त्या निघून गेल्या. मी तेव्हा कारखान्यात होतो. हे सगळं मला ताईने फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मिठाई चांगली आहे हो. चौकीदाराला देऊन टाक."

मी घरी येऊन कार्टून बंद केलं. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून तिसऱ्या दिवशी तिला गिअरची सायकल मागवली. ताईला कळल्यावर ती म्हणाली, "काहून रे, कार्टून बंद केलं म्हणून सायकल? म्हणजे ट्रक आलाच की दारात." मग तिने विचारलं, "ते कार्टून तू एकदा तरी पाहिलं का?"

नव्हतं पाहिलं. येता-जाता दिसलं होतं तेवढंच. आंधळ्याने हत्ती पाहावा तसं मी त्या पोरीचा फक्त पाय पाहिला होता.

पण ताईचं ऐकायलाही मला जवळजवळ वर्ष लागलं. यंदा गणपती गेल्यानंतरच्या रविवारी ताईने ते कार्टून पुन्हा लावायला सांगितलं आणि मला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला माझी मुलगी. मुलीला तर विश्वासच बसत नव्हता. "पप्पा, पूरा बघणार ना? मधूनच उठायचं नाही हां."

त्या दिवशीच्या भागात त्या पोरीचा वाढदिवस होता. बापाचा फोन येतो, बिटिया को क्या चाहिए? ती म्हणते, मला तुमच्याबरोबर लपंडाव खेळायचाय. बाप दुसऱ्या फोनवरही बोलत असतो, त्याला अर्धंच ऐकू येतं. झालं, ट्रक येतो. त्यातून लपायला चाळीस खोटी झाडं उतरतात आणि शोधायला पगारी मुलं, सगळ्यांना एकसारखे गणवेश. इथवर मी पोट धरून हसत होतो. पोरगी एका झाडामागे लपते. पाच वाजतात, घंटा होते, शोधणाऱ्या मुलांची ड्यूटी संपते, ती डबे उचलून घरी जातात. पोरगी लपलेलीच. मग बापाचे चकचकीत बूट येतात, फोनवर बोलत बोलत त्या झाडावरून पुढे निघून जातात. तेव्हा ती झाडामागे पाय आपटते. पण हळूच, एकदाच. ऐकायला कोणी नव्हतंच.

माझं हसू कुठे थांबलं ते मला सांगता येणार नाही.

"ह्या बापाचं तोंड काहून दाखवत नाही गं?" ताईने विचारलं. खरंच, अख्ख्या कार्टूनमध्ये तो बाप फक्त कमरेपर्यंत दिसतो. बूट, सुटाची विजार, पट्टा, फोन धरलेल्या हाताचं कोपर.

"आत्या, कॅमेरा तिच्या हाइटवर आहे ना," माझी मुलगी म्हणाली. हे तर सगळ्यांना माहीत असतं, असा तिचा सूर होता. "पप्पा वाकतच नाहीत. तर मग कसे दिसणार?"

आणि नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. आमचा माल घेऊन निघालेली गाडी करोंदच्या मंडीजवळ सोयाबीनच्या ट्रॉल्यांत अडकली होती. मी सवयीने उठलो, बोलत बोलत दोघींच्या पुढून गेलो, टीव्हीच्या मधोमध उभा राहिलो. ताई म्हणाली, "घे, आता हे बिनाटीव्हीचं पण चालू झालं." दोघी अशा हसल्या की ड्रायव्हरने मला विचारलं, साहेब, घरी काही कार्यक्रम आहे का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हसू माझंही फुटलं. एवढं अचूक पकडलं गेल्यावर माणूस दुसरं काय करणार?

त्यानंतर कित्येक दिवस ती पोरगी माझ्या डोक्यातून गेली नाही. मी समजत होतो, ती हट्टी म्हणून बाप ट्रक पाठवतो. पण पोर जन्मतः पाय आपटत नाही. आधी तिने हाक मारून पाहिली असणार. हाकेला बाप आला नाही, खोकं आलं. पुन्हा हाक मारली, मोठं खोकं आलं. मग तिला समजलं की या घरात मागायची ती वस्तूच, बाप मागून मिळत नाही. कार्टून काढणाऱ्या लोकांना हे माहीत होतं. आणि माझ्या मुलीने त्या पोरीची नक्कल केली नव्हती. तिने तिला ओळखलं होतं.

एवढं सगळं कळूनही मी काय केलं ते ऐका, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी कशाला म्हणतात ते कळेल.

भुलाबाई जवळ आली. मुलीला एकच धास्ती होती, आपल्याकडे यंदा कोणी येणारच नाही. ती ताईबरोबर एकेका मैत्रिणीच्या घरी जाऊन सॉरी म्हणून आली. ताईने मध्यस्थी केली, पोरींनी ताईच्या गच्चीवर सभा घेतली आणि निकाल दिला: येऊ. पण खोकं नाही, डबा पाहिजे. आणि यंदा जर खिरापत ओळखता आली, तर पुढच्या वर्षीपासून तिचं घर बाद. मुलीने ती अट मान्य केली आणि घरी येऊन मला म्हणाली, "पप्पा, अशी खिरापत पाहिजे की कोणालाच ओळखता नाही आली पाहिजे."

मी म्हटलं, तू काळजीच करू नकोस. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या खरेदी बघणाऱ्या माणसाला बोलावलं आणि सांगितलं: गोड पदार्थ, हलवल्यावर आवाज नको, झाकणातून वास नको, तीन ठिकाणांहून कोटेशन मागव. वीस वर्षं सरकारी कामं केल्यावर माणसाला तीन कोटेशनशिवाय झोप लागत नाही. तो गडीही प्रामाणिक, त्याने नमुने मागवले. तीन खोकी जेवणाच्या टेबलावर आली. मुलीने एकेक उघडून पाहिलं. मी तिच्या पायाकडे बघत होतो.

तिने पाय आपटला नाही. "ठीक आहे, पप्पा. कोणतंही चालेल," म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

बायकोने तेव्हा तिचं एक वाक्य खर्च केलं. "आता तिने मागणंच सोडलं."

मला त्या क्षणी जी भीती वाटली, तशी मोठी ऑर्डर रद्द झाली तेव्हाही वाटली नव्हती. मी तिच्या खोलीत गेलो, पलंगाजवळ खाली बसलो आणि विचारलं, "तुला काय पाहिजे ते खरं सांग."

"तुम्ही बनवा."

"मला काहीच येत नाही गं."

"मला पण नाही येत," ती म्हणाली, आणि प्रश्न मिटला.

आमच्या घरच्या भुलाबाईच्या दिवशी कारखान्यात मालाची तपासणी होती. मी मॅनेजरच्या हातात फाइल दिली, फोनही दिला, आणि दुपारी दोन वाजता गाडी काढली. मॅनेजर घाबरून म्हणाला, "सर, तबीयत तो ठीक है ना?" मी म्हटलं, लाडू करायचेत. तो आणखीच घाबरला.

पहिला प्रयत्न रव्याचा. रवा करपला, धूर झाला, खिडक्या उघडल्या. दुसऱ्याची हिंमत होईना. मग मुलीला डब्यात सकाळच्या उरलेल्या पोळ्या दिसल्या आणि मला आई आठवली. उरलेल्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू, आमच्या लहानपणी आठवड्यातून दोनदा तरी व्हायचा. शाळेतून आलं की हातावर तो लाडू. त्याला मुळी कुणी पदार्थच म्हणत नाही. पण एवढं तर मलाही जमण्यासारखं होतं.

आम्ही स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून जमिनीवर बसलो. पोळ्या कुस्करल्या, गूळ चिरला, तूप सांडलं. टाकीच्या मापात केसभर फरक झाला तर मी माणसं फैलावर घेतो, आणि माझा एक लाडू लिंबाएवढा, दुसरा पेरूएवढा. तपासणी मुलगी करत होती. "हा रिजेक्ट," म्हणायची आणि अर्धा माझ्या तोंडात, अर्धा तिच्या. रिजेक्ट माल जागेवरच नष्ट होत होता. मध्येच ती थांबली आणि तुपाचं बोट माझ्या हनुवटीखाली लावून म्हणाली, "पप्पा, इथे काय झालं?" वेल्डिंगची ठिणगी उडून झालेला डाग. तिच्या जन्माआधीपासूनचा. तो तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी तिला पत्र्याच्या शेडची गोष्ट सांगितली, तिने तोंड उघडं टाकून ऐकली, आणि तेवढ्या वेळात तिने वळलेले चारही लाडू चौकोनी झाले. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. मला तो माझ्याच स्वयंपाकघरात, फरशीवर मांडी घालून सापडला, याची लाज वाटायची तेवढी वाटली, पण आनंदच जास्त होता.

संध्याकाळी पोरी आल्या. आधी जरा अंग चोरून, पण दुसऱ्या गाण्याला टिपऱ्या लागल्या आणि घर दणाणलं. मी दाराआड उभा होतो. ताईने डोळे वटारले, "उभा काय राहिला? बस इथं." मी पोरींच्या रांगेमागे जमिनीवर बसलो. मग माझी मुलगी डबा घेऊन आली. लाडू ठासून भरलेले, आवाज नाही. प्रत्येकीच्या कानाशी डबा गेला.

"काजूकतली!"

"नाही."

"चॉकलेट! वो बाहर वाला!"

"नाही."

"डोनट. कपकेक. पिस्त्याची बर्फी. खजूर रोल." पोरींनी भोपाळमधलं एकेक मिठाईचं दुकान पालथं घातलं. मग केकवाले घेतले. मग विमानतळावर मिळतं ते. एक जण म्हणाली, ह्यांच्याकडे दुबईहून काहीतरी आलं असेल. ताईने शेवटी हात वर केला. "हरलो म्हणा."

"हरलो!"

मुलीने झाकण काढलं. सातही माना डब्यावर वाकल्या.

"ये क्या है?"

"पोळीचा लाडू."

"झूठ!" सगळ्यांत मोठी ओरडली. "तुझ्या घरी? हा तर आमच्याकडे रोज असतो यार! कोणी केला?"

"पप्पांनी."

सगळ्या मागे वळल्या. माझ्या शर्टावर अजून गूळ होता. सगळ्यांत लहान पोरीने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "अंकल, आज आप घर पे थे?"

घरभर हसू पसरलं. ताई तर पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो, पण तो प्रश्न बरोबर आत जाऊन बसला. हाच डबा दुसऱ्या कुठल्याही घरी असता, तर या पोरींनी तिसऱ्या नावाला ओळखला असता. माझ्याकडे तो त्यांना सुचलाच नाही. या घरात कोणी बसून हाताने काही करेल, हे त्यांच्या गणितातच नव्हतं. माझी मुलगी जिंकली ती माझ्या ख्यातीवर.

लाडू बघता बघता संपले, चौकोनी आधी. पोरी गेल्या, ताई गेली. मुलगी रिकामा डबा पोटाशी धरून घरभर उड्या मारत होती. मी तिला म्हटलं, "एवढी नाचू नकोस. आता त्यांना माहीत झालं. पुढच्या वर्षी पहिल्या फटक्यात ओळखतील, पप्पांनी घरीच काहीतरी केलंय म्हणून."

ती माझ्यापुढे येऊन बसली. "ओळखू द्या ना," म्हणाली. "मला हरायचंच आहे."